आयातदार

सकाळी साडेनऊला, लेथ सुरू व्हायच्या आधी,
मी दिल्लीतल्या कुठल्याशा सर्व्हरला माझं नाव सांगते.
तो म्हणतो, जुळत नाही.
पॅनवर वडील यशवंतराव, बँकेत नुसते यशवंत,
आधारवर यश आणि वंत यांच्यामध्ये
कुणीतरी एक बोट रिकामी जागा सोडलेली.
त्या बोटभर जागेत माझे अकरा दिवस गेले.

मागवायचा आहे एक बॉल स्क्रू.
तैवानहून. लांबी माझ्या दोन हातांएवढी.
त्यासाठी आधी मी आयातदार व्हायचं.
फी पाचशे रुपये, रद्द केलेला एक चेक,
आणि जागेचा पुरावा : लाईट बिल चालेल.

लाईट बिल!
उद्यमनगरच्या या शेडचं बिल
अठरा वर्षं मी भरते, आणि अठरा वर्षं ते येतं
नेमगोंडा पाटलांच्या नावानं.
दारावरच्या पाटीवर 'सुतार आणि' एवढंच दिसतं,
पुढचं दादांनी स्वतः ब्रश घेऊन पुसलेलं.
तिरपं ऊन पडलं की 'पाटील' अजून वर येतं
जुन्या जखमेच्या कातडीसारखं, जरा गुळगुळीत.
भांडण कशावरून, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.
कुणी म्हणतं पंपाच्या ऑर्डरवरून, कुणी म्हणतं एका शब्दावरून.

ना-हरकत पत्र टाईप करून मी कसबा बावड्याला गेले.
शंभराचा स्टॅम्प, दोन झेरॉक्स, एक पेन जास्तीचं.
काका पडवीत बसून शेंगा फोडत होते.
चष्मा चढवून त्यांनी पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं,
मग कागद उलटा करून पाठीमागेही बघितलं.
"कस्टम म्हंजे? सोनं आणतीयास काय गं?"
स्क्रू, म्हटलं.
"स्क्रू?"
शेंगा खाली ठेवल्या.
"आगं, तुझा बा आन् मी एका रात्रीत काढला असता.
डोळ्यांनी आटे मोजायचा त्यो, गेज नंतर."
मी म्हटलं, काका, पाच मायक्रॉनचा आहे.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग अंगठ्याच्या नखावर बोट टेकवून म्हणाले,
"पाच. व्हय. ते न्हाई जमलं असतं."
आणि सही केली. वळणदार,
आमच्या जुन्या चलनांवर असायची तशीच.

नंबर आला गुरुवारी, दुपारी, जेवताना.
दहा अक्षरं. मी डबा बाजूला सारून नीट पाहिली.
तो माझाच पॅन नंबर होता.
एवढं सगळं करून सरकारनं मला
माझ्याच पाकिटातली वस्तू परत दिली.
गौराक्का ड्रिलवरून ओरडली, काय झालं गं? हसतीयास काय?
तिला समजावून सांगता येईना.

उरणच्या एजंटला फोन केला.
तो म्हणाला, मॅडम, हे झालं घराचं दार.
आता बँकेचं पत्र आणा, एडी कोड पोर्टला लावा,
मालाचा कोड सांगा, आठ आकडी.
चौऱ्याऐंशी त्र्याऐंशी, मी पाठ म्हटलं,
पाढ्यासारखं, पुढचे चाळीस आणि शून्य शून्य.
पंचगंगेपलीकडे कधी समुद्र शोधला नव्हता मी,
आता रोज रात्री मोबाईलवर बघते
न्हावा शेवाला आज किती जहाजं उभी आहेत ते.

मंगळवारी काका आले. रिक्षानं, न कळवता.
पाटीखाली थोडे थांबले, वर बघितलं नाही.
खिशात व्हर्निअर, जुन्या सॉक्समध्ये गुंडाळलेला.
"आला काय?"
अजून कस्टममध्ये आहे, म्हटलं.
बिल ऑफ एन्ट्रीची प्रत त्यांच्या हातात दिली.
त्यांनी बोट ठेवून वाचलं, एकेक अक्षर, मोठ्यानं :
आयातदार... शैलजा... यशवंतराव... सुतार.
'राव'वर बोट जरा जास्त वेळ राहिलं.

मग भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या बिलांकडे बघून म्हणाले,
"ते बी तुझ्या नावावर करून घे आता."
घेते, म्हटलं.
पुढच्या महिन्यात.
त्यांनी मान हलवली आणि तेलाच्या डब्यावर बसून घेतलं.
लेथ चालू होती. चहा यायचा होता.